प्रकरण क्रमांक एक

मला संगणकातलं कळतं, ही अफवा ऑफिसात मीच पसरवली. झालं होतं एवढंच की न्यायाधीश मॅडमच्या दालनातला प्रिंटर दोन दिवस मुका बसला होता, आणि मी सहज वाकून पाहिलं तर त्याची वायर निघालेली. ती मी खोचली. प्रिंटर घरघरला. मॅडम म्हणाल्या, "अरे वा, तुम्हाला येतं की यातलं." अशा वेळी 'वायर निघाली होती' असं खरं सांगणारा माणूस कुठे असेल तर त्याला माझा नमस्कार. मी म्हणालो, "थोडंफार."

त्या थोड्याफारापायी माझ्या बायकोला कोर्टाची नोटीस गेली.

आमचं कौटुंबिक न्यायालय. नवरा-बायकोची भांडणं, पोरांचा ताबा, दोघांनी मिळून घेतलेल्या कपाटाचा ताबा, हा आमचा रोजचा माल. मी तिथला मुख्य कारकून. तेवीस वर्षांत माझ्या हाताखालून किती संसार गेले ते सांगता येणार नाही, पण कुठली फाइल कुठल्या मांडणीवर कुणाच्या खाली दबली आहे हे मी डोळे मिटून सांगत असे. 'रुसका दंतवैद्य' म्हटलं की डावीकडची तिसरी मांडणी. 'पोपट कुणाचा' म्हटलं की खिडकीखाली. या पद्धतीला पासवर्ड लागत नसे आणि ती कधी बंद पडत नसे. मला सर्दी झाली की जरा संथ चाले, एवढंच.

मग वरून आदेश आला की यापुढे सगळी प्रकरणं संगणकावर. त्या व्यवस्थेचं नाव होतं 'डिजिटल प्रकरण व्यवस्थापन प्रणाली'. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून सगळे नुसतं 'प्रणाली' म्हणू लागले. त्यामुळे ऑफिसात कुणी नवी मुलगी कामाला लागली आहे, असा आमच्या शिपायाचा बरेच दिवस समज होता. "प्रणाली आज आली नाही का?" असं तो विचारायचा, आणि कोणीतरी "आली होती, पण अकरा वाजता बंद पडली" असं सांगितलं की हळहळायचा. मीही घरी जिना चढताना फोनवर सहकाऱ्यांशी तेच बोलत असे. प्रणालीने आज फार दमवलं. प्रणालीशिवाय आता सुटका नाही. उद्या लवकर येतो, प्रणाली सकाळी जरा बरी असते. हे मी का सांगतोय ते पुढे कळेल.

वायर खोचल्याच्या कर्तबगारीवर मला या कामाचा प्रमुख नेमण्यात आलं. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेले गृहस्थ पन्नाशीचे, अत्यंत सभ्य, आणि कुठलाही प्रश्न विचारला की "तो मुद्दा उद्याच्या सत्रात आहे" म्हणणारे. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे प्रश्न एकदम विचारले, कारण त्याला उद्या नव्हता. तेव्हा त्यांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, "तुम्ही असं करा, एक चाचणी प्रकरण भरून बघा. कुठलीही नावं टाका."

कुठलीही नावं टाका म्हटलं की माणसाला जगातलं एकही नाव आठवत नाही. ओळखीच्या जोडप्याचं टाकावं तर तो अपशकुन. साहेबलोकांचं टाकावं तर नोकरी. म्हणून मी अर्जदार म्हणून माझं नाव टाकलं आणि जाबदार म्हणून हिचं. यात माझा निव्वळ चांगुलपणा होता, हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगून पाहिलं.

पत्ता टाकला. मोबाइल नंबर टाकले, कारण त्याशिवाय प्रणाली पुढे जाऊ देईना. मग आलं 'वादाचे कारण'. तिथे यादी होती. क्रूरता, परित्याग, वेडसरपणा, आणि अशीच आणखी काही. हिच्या नावापुढे यातलं काही टाकायला माझा हात धजेना. सगळ्यात शेवटी 'इतर' होतं. ते निवडलं, तर खाली चौकट उघडली: किमान दीडशे अक्षरांत तपशील द्या.

दीडशे अक्षरं म्हणजे किती असतात, हे ती रिकामी असल्याशिवाय कळत नाही. प्रशिक्षक मागे उभे. मी 'चाचणी चाचणी चाचणी' असं लिहून पाहिलं, तर प्रणाली म्हणाली, शब्दांची पुनरावृत्ती टाळा. शेवटी मनात जे आलं ते कोर्टाच्या भाषेत उतरवलं: 'जाबदार अर्जदाराचे म्हणणे पूर्ण ऐकून घेत नाही. अर्जदार बोलत असताना ती उठून आत जाते. मागील रविवारी अर्जदार स्वतः पंखा दुरुस्त करीत असता जाबदाराने त्याच्या देखत कारागिराला फोन केला व अर्जदाराची मानहानी केली.'

अक्षरं भरली. मी 'दाखल करा' दाबलं. पडद्यावर आलं, 'अभिनंदन. आपले प्रकरण दाखल झाले आहे. प्रकरण क्रमांक १.'

प्रशिक्षक पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "सरावाची खिडकी हिरवी असते."

"ही निळी आहे," मी म्हणालो.

"हो. ही खरी आहे."

"मग पुसून टाका."

"पुसायची सोय ठेवलेली नाही. न्यायालयाची नोंद आहे. उद्या कुणीही येऊन पुसायला लागलं तर कसं चालेल?"

हे मला इतकं पटलं की मी मानसुद्धा डोलावली.

आता घरी काय झालं ते. ही बाजारातून येऊन जिन्यात दम खात उभी होती. फोन वाजला. चष्मा घरी राहिलेला. वरून आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर उतरत होते. हिने साधेपणाने फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "जरा बघता का, गॅसचा मेसेज असेल." ऑडिटरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रं मोठ्याने वाचली आहेत. तोच त्यांचा आवाज. त्यांनी तो मेसेज जिन्यात उभं राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, पंख्यासकट. तीन मजल्यांची दारं उघडी होती. शेवटची ओळ अशी होती: 'हा संदेश प्रणालीमार्फत पाठविण्यात आला आहे.'

मी घरी पोचलो तेव्हा ही टेबलाशी बसली होती. समोर फोन, डोळ्यांवर चष्मा.

"चाचणी होती," मी म्हणालो.

"कुणाची?"

"अगं, संगणकाची. कुठलीही नावं टाका म्हणाले."

"नावं कुठलीही असतील. पंख्याचं कुठून सुचलं?"

मी पुन्हा संगणकाचं समजावायला लागलो. ही उठून आत गेली. मी बोलत असताना ती उठून आत जाते हे मी लिहिलं होतं, ते त्या क्षणी शब्दशः खरं ठरत होतं, पण ते तिच्या लक्षात आणून द्यायची ही वेळ नव्हे एवढी अक्कल मला तेवीस वर्षांच्या नोकरीने दिली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिटरांनी मला जिन्यात गाठलं आणि भिंतीकडे घेतलं.

"स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ही प्रणाली कोण?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे. कोर्टात हेच सांगा. पण जे काय घ्यायचं ते लेखी घ्या." त्यांचा विश्वास बसला नव्हता. तळमजल्यावरच्या शिंप्याने तर मला नुसतं बघून मान हलवली, आणि ती मान किती बाजूंनी अर्थपूर्ण होती ते मी ऑफिसपर्यंत मोजत गेलो.

प्रकरण रद्द करायला मी तक्रार नोंदवली. तक्रारीला क्रमांक मिळाला. दुपारी उत्तर आलं, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' प्रकरण जागच्या जागी होतं. मी निराकरणाविरुद्ध तक्रार केली. तिचंही निराकरण झालं. मग रीतसर पत्र लिहिलं, 'विषय: चुकून दाखल झालेले प्रकरण रद्द करणेबाबत.' त्याला आठ दिवसांनी उत्तर आलं की अर्जदाराने आपल्या वैवाहिक जीवनाबाबत घाईने निर्णय घेऊ नये.

शेवटी मॅडमकडे गेलो. त्यांनी फाइल नसलेल्या फाइलीकडे, म्हणजे पडद्याकडे, बराच वेळ पाहिलं.

"हे पहिलं प्रकरण आहे," त्या म्हणाल्या. "वरचे लोक उघडतील तर हेच आधी उघडतील. ते न चालवता मी काढून टाकू का? नियमाप्रमाणे समुपदेशकांकडे पाठवते. तुमच्या मिसेस समेटाला तयार आहेत म्हणाल्या, की दहा मिनिटांत संपलं. असतील ना तयार?"

"अर्थात," मी म्हणालो. त्या सकाळी हिने माझ्यादेखत एकूण चार शब्द उच्चारले होते, आणि त्यातले तीन दूधवाल्याशी होते.

यानंतर जे झालं ते शत्रूवरही येऊ नये असं मी म्हणेन. मी पक्षकार असल्यामुळे प्रणालीने मला माझ्याच प्रकरणाबाहेर काढलं. 'हितसंबंधाच्या कारणास्तव आपणांस हे प्रकरण पाहता येणार नाही.' म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांना ते दिसत होतं, मी सोडून. आणि त्याच आठवड्यात हिने आपलं म्हणणं दाखल केलं. प्रणालीच्या एक हजार अक्षरांत मावेना म्हणून हाताने लिहून, अकरा पानं, समोरच्या दुकानातून स्कॅन करून.

आवक टेबलावरच्या बाईंनी ती अकरा पानं तपासली. रोज सकाळी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या या बाई. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो."

"आत काय आहे?"

"मला सांगता येणार नाही. नियम तुम्हीच शिकवलात."

दुपारी शिपाई चहा घेऊन आला. सगळ्यांपुढे ठेवला. माझ्यापुढे जरा उशिरा ठेवला. त्यानेही वाचलं होतं.

तारखेच्या दिवशी आम्ही दोघं एकाच बसने कोर्टात गेलो. वेगवेगळं जाण्यात अर्थ नव्हता. वरच्या मजल्यावर पोचल्यावर मात्र हिने भिंतीवरची पाटी वाचली आणि 'जाबदार' लिहिलेल्या बाकावर जाऊन बसली. मी समोर, अर्जदारांच्या बाकावर. मधल्या भिंतीवर नवा पडदा बसवला होता. त्यावर ठळक अक्षरांत आमची दोघांची नावं, एकमेकांविरुद्ध. त्या पडद्यासाठी पाठपुरावा मीच केला होता. जाणारे-येणारे वकील मला नमस्कार करत आणि मग पडदा वाचत. एकाने हळूच आपलं कार्ड माझ्या हातात दिलं. दुसऱ्याने हिला दिलं. ते चांगलं जाड होतं.

समुपदेशक बाई साठीला टेकलेल्या. टेबलावर पेन्सिली, सगळ्या टोकदार. मी बसताबसताच म्हणालो, "बाई, हे खोटं प्रकरण आहे, तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "इथे निम्मे नवरे हेच म्हणत येतात. आता नियम ऐका. एकजण बोलेल तेव्हा दुसरा बोलणार नाही. वीस मिनिटं. आधी त्या."

हिने पदर नाही, पर्स सावरली, आणि बोलायला लागली. मला वाटलं होतं पंख्यापासून सुरुवात होईल. पंखा आलाच नाही.

"हे रोज घरी आले की कोर्टातलं सांगतात," ती म्हणाली. "कुठल्या नवऱ्याने काय केलं, कुठल्या बायकोने काय सोसलं. मला आवडायचं ऐकायला. ती शिक्षिका होती ना, नवरा सहा वर्षं तिच्याशी चिठ्ठ्या लिहून बोलायचा, तिच्यासाठी हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. ह्यांना चारशे बायकांची गाऱ्हाणी तोंडपाठ आहेत. माझं एक विचारा."

समुपदेशक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तशी त्यांनी पेन्सिल वर केली. नियम.

"मला पोहायला शिकायचं होतं," ही म्हणाली. "पलीकडे तलाव झाला तेव्हा. सात वर्षं झाली. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, बघू. अजून बघतायत. 'नाही' म्हणाले असते तर मी भांडले असते आणि गेले असते. 'बघू'शी कसं भांडायचं?"

मी काय सांगू. मला ते आठवेचना. तलाव आठवला, त्याचं उद्घाटन लांबलं होतं हे आठवलं, त्यावरून मी केलेला विनोदही आठवला. हिने विचारल्याचं आठवेना. खोलीत घड्याळ होतं आणि ते फार सावकाश चालत होतं.

वीस मिनिटं झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "आता तुम्ही."

मी पंख्याबद्दल बोलायचं ठरवून आलो होतो. मुद्दे काढले होते. "माझं काही नाही," मी म्हणालो.

"मग समेट लिहू?" त्यांनी हिला विचारलं.

मी उठायलाही लागलो होतो. ही म्हणाली, "नाही. पुढची तारीख द्या."

माणसं तारखेला कंटाळतात, हे मी तेवीस वर्षं बघत आलो आहे. तारीख मागून समाधानाने पर्स बंद करणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बसमध्ये मी विचारलं, "अगं, पण का? संपलं असतं."

"वीस मिनिटं कोणी मधे बोललं नाही," ती म्हणाली. "मला अजून बरंच सांगायचंय. अकरा पानं आहेत."

अशा तीन तारखा झाल्या. ऑफिसात माझी इतकी शोभा झाली की शिपायाने मला समजावलं, "साहेब, तुम्ही माफी मागून टाका ना, माझ्या ओळखीत एकाने मागितली, तो जिवंत आहे." ऑडिटर दर वेळी जिन्यात वाट बघत आणि विचारत, "लेखी घेतलं का?" दुसऱ्या तारखेनंतर आम्ही खाली कँटीनला चहा घेतला. हिने कधी ते कँटीन पाहिलं नव्हतं. मी नेहमी बसतो ती खुर्ची कुठली, असं तिने विचारलं आणि तिथे जाऊन बसली. तिसऱ्या तारखेला मी समुपदेशक बाईंनी पेन्सिल वर करायच्या आधीच गप्प होतो. त्या दिवशी हिने तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगितलं. मी तेव्हा तिथेच होतो, सगळी धावपळ मीच केली होती, आणि तरी त्यातलं अर्धं मी पहिल्यांदा ऐकत होतो. बाहेर आल्यावर मला बस कुठली ते सुचेना. हिनेच हात धरून चढवलं.

चौथ्या तारखेला ही म्हणाली, "आता लिहा समेट."

पण समेटाच्या चौकटीतही अटी लिहिल्याशिवाय प्रणाली पुढे जाईना. तेव्हा हिने सांगितल्या आणि मॅडमनी त्या कोर्टात, भरल्या हॉलमध्ये, अत्यंत गंभीर चेहऱ्याने वाचल्या. एक, अर्जदाराने विजेच्या कुठल्याही वस्तूस कारागिराच्या परवानगीशिवाय हात लावू नये. दोन, अर्जदाराने 'बघू' म्हटल्यास कधी बघू तेही त्याच वेळी सांगावे. तीन, जाबदार शनिवारी सकाळी पोहण्यास जाईल, व त्या वेळी स्वयंपाकघर अर्जदाराच्या ताब्यात राहील.

"अर्जदारास मान्य आहे?" मॅडमनी विचारलं.

"मान्य आहे," मी म्हणालो. मागे कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही, पण आवाज आवक टेबलाचा होता.

महिन्याने वरून पत्र आलं. पहिल्या तिमाहीत प्रणालीवर दाखल होऊन मुदतीत निकाली निघालेलं, समेट झालेलं राज्यातलं हे एकमेव प्रकरण होतं. आमच्या न्यायालयाचा विशेष गौरव. प्रशस्तिपत्रकावर माझं नाव दोनदा आलं होतं, एकदा यंत्रणाप्रमुख म्हणून आणि एकदा यशोगाथा म्हणून. सोबत सूचना होती की सदर अर्जदाराने पुढील परिषदेत आपले अनुभव सांगावेत. मी 'बघू' म्हणणार होतो, पण ते आता मला परवडत नाही, म्हणून नाही म्हणालो.

मागच्या शनिवारची गोष्ट. ही तलावावरून येऊन ओले केस पुसत बसली होती. मी स्वयंपाकघराचा ताबा घेतलेला, म्हणजे आतून करपल्याचा वास येत होता. दार वाजलं. ऑडिटरांची बायको. वीस वर्षांत त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला असेल. बोलायचं ते ऑडिटर बोलायचे. त्या दारातच उभ्या राहिल्या, जिन्यात वर एकदा बघून घेतलं, आणि खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "भाऊजी, ती तुमची चाचणी... आमची एक टाकता येईल का हो? खरी नको. नुसती नोटीस गेली की बसतील तरी समोर."

मी नियम सांगायला तोंड उघडलं. निळी खिडकी, हिरवी खिडकी, चाचणीची सोय आता बंद केली आहे, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. हिने टॉवेल बाजूला ठेवला, माझ्याकडे बघून नुसतं बोट वर केलं, आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"या, बसा," ती म्हणाली. "घाई नाही. पहिल्यापासून सांगा."